मांडो

मांडो : गोव्यातील ख्रिस्ती समाजाचे संथ लयीतले कोकणी प्रेमगीत व त्याच्या साथीने होणारे युगुलनृत्य. बहराचा काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची पहिली काही दशके. माहेर दक्षिण गोव्यातील सासष्टी, त्यातही कुडतरी, लोटली, राय, बाणावली, मडगाव ही गावे. मीलन, ओढ आणि विलाप हे त्याचे तीन मुख्य विषय. लोकांच्या ओठांवर टिकून राहिले ते मात्र बहुतांशी ताटातुटीचे मांडो.

पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि गायन शिकवले जाई. उद्देश उपासनेपुरता होता. पण त्यातून पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी वाचणारी, दोन-तीन आवाजांत गाणारी माणसे गावोगाव तयार झाली. एकोणिसाव्या शतकात याच शिक्षणावर वाढलेल्या जमीनदार ब्राह्मण व चार्डो या वरच्या जातींच्या ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत मांडो आकाराला आला. या घरांत युरोपातून आणलेला पियानो असे, भिंतींना आरसे, छताला झुंबरे. चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातले नृत्यदालन आजही पाहता येते. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या लोटलीच्या घरी चित्रित झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (1985) या चित्रपटातही त्या राहणीचा अंदाज येतो.

या घराण्यांचा पत्रव्यवहार, कज्जे आणि मेजवान्यांतले बोलणे पोर्तुगीजमध्ये चाले, प्रार्थना लॅटिनमध्ये. 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला होता. हुकूम पुरता अमलात आला नाही, पण प्रतिष्ठित घरांतून कोकणीची पायरी उतरली ती उतरलीच. अशा घरांतल्या सुशिक्षित तरुणाने प्रेमभंगाचे गाणे रचताना नोकरांशी बोलायची म्हणून ठरवलेली भाषा उचलावी, ही मांडोची खरी नवलाई आहे. शब्दकळेत पोर्तुगीज उसनवारी भरपूर असली, तरी काळीज फाटल्याची कबुली कोकणीतच दिली जाते.

मांडो सहा मात्रांच्या चक्रात, अतिशय सावकाश चालतो. अनेक मांडोंचे कडवे उदास ‘मायनर’ स्वरसप्तकात सुरू होते आणि ध्रुवपदाशी ‘मेजर’मध्ये उजळते. दुसरा आवाज मुख्य चालीच्या तिसऱ्या स्वरावरून, वर किंवा खाली, सोबत करतो. साथीला पियानो, व्हायोलिन, कधी गिटार किंवा मेंडोलिन, आणि घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. उजव्या हाताने थाप देताना डाव्या तळहाताने लहान तोंड झाकत-उघडत नाद कमी-जास्त केला जातो. हेच वाद्य गोव्यातल्या हिंदू घरांत गणपतीच्या आरतीला वाजते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे; वन्यजीव संरक्षण कायद्याने ते वर्ज्य झाल्यावर बकऱ्याचे आले. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. युरोपीय पियानो आणि कुंभाराच्या चाकावरचे घुमट शेजारी बसतात, तिथेच मांडोचा ठेका ठरतो. केवळ पियानोवर वाजवलेला मांडो छान वाटतो, पण परका.

नृत्यात स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, सरकत जवळ येतात, बाजू बदलतात आणि एकमेकांना स्पर्श न करता परततात. स्त्रियांच्या अंगावर जरीकाम केलेला तोरोप-बाजू हा पोशाख, हातात पंखा. पुरुष काळ्या पाश्चात्त्य पोशाखात. मुख्य प्रसंग लग्नाचा. लग्नघरात विरहाची गाणी का, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. लग्ने जातीत आणि आईबापांच्या पसंतीने ठरत, वराती दूरच्या गावी जात, आणि मुंबई, आफ्रिका किंवा लिस्बनला नोकरीसाठी निघालेल्या पुरुषांची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागे. विलापाचे मांडो या सगळ्यावर बोलतात. दोष नशिबाला दिला जातो, आईबापांना क्वचितच.

मांडोचा कवी, संगीतकार आणि बहुधा पहिला गायकही एकच असे. मराठी भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक अशी जी विभागणी पुढे रूढ झाली, ती इथे नाही. कुडतरीचे लिगोरियो कोस्ता (1851–1919) यांचा ‘या या माया या’ हा सर्वांत जुन्या मांडोंपैकी एक समजला जातो. आर्नाल्दो द मिनेझिस आणि जिझेलिनो रिबेलो ही आणखी दोन मोठी नावे. तोर्क्वातो द फिगेरेदो (1876–1948) यांचा ‘आदेउस करचो वेळ पावलो’ हा निरोपाचा मांडो सर्वाधिक गायला गेला. प्रेमिकांच्या वियोगाचे हे गाणे आता कोणत्याही समारंभाच्या शेवटी, निवृत्तीच्या किंवा परदेशी निघालेल्याच्या निरोपालाही म्हटले जाते. इतक्या वापराने त्याची धार बोथट झाली आहे, हे खरे. तरी एखादी वयस्क जोडी ते दोन आवाजांत, घाई न करता म्हणू लागली की मूळ दुःख पुन्हा कळते.

प्रेमापलीकडचेही मांडो आहेत. 21 सप्टेंबर 1890 रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी पोर्तुगीज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्या घटनेचा मांडो वर्तमानपत्राच्या बातमीपेक्षा जास्त दिवस लक्षात राहिला.

मांडो संपला की दुल्पद सुरू होते : जलद, खट्याळ, गावगप्पांनी भरलेले. त्याच मैफलीत देखणी हे नृत्यगीतही येते. ‘बॉबी’ (1973) मधील ‘घे घे घे रे साहिबा’ या गाण्याचा उगम अशाच एका देखणीत, कार्लोस एवजेनियो फेरैरा यांच्या ‘हांव सायबा पलतडी वयतां’मध्ये आहे. मराठी श्रोत्याला गोव्याचे ‘जुने गाणे’ म्हणून बहुधा तेच ठाऊक असते, आणि त्यालाच तो मांडो समजतो.

मूळ रचना हस्तलिखित वह्यांतून आणि तोंडी परंपरेतून चालत आल्या. मिकायल मार्तीन्स यांनी गावोगाव फिरून त्या स्वरलिपीसह उतरवल्या. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारे जुझे परैरा यांनी मार्तीन्स यांच्या सोबतीने त्यांचे वर्गीकरण करून ग्रंथ काढले. आज मांडोचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण या दोघांच्या कामावर उभा आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पणजीत मांडो महोत्सव भरतो. तिथे जुन्यांबरोबर नव्या रचनाही स्पर्धेत उतरतात. नव्यांत चाली नीटस असतात, विलाप मात्र कमी. मांडवी नदीतल्या पर्यटक बोटींवर जे नाचगाणे दाखवतात ते प्रामुख्याने दुल्पद आणि देखणी. ते पाहून मांडो ऐकला असे समजू नये.