पेशीपटल : पेशीच्या वेशीवरचा पहारेकरी

जुलाब सुरू झाले की नुसते पाणी न देता मीठ-साखरेचे पाणी द्या, असे डॉक्टर आवर्जून सांगतात. मीठ कशासाठी, हे बहुतेकांना ठाऊक असते. शरीराबाहेर गेलेले क्षार भरून काढण्यासाठी. पण साखर कशासाठी? ती चवीपुरती किंवा थोडी ताकद यावी म्हणून घालतात, असा सर्वसाधारण समज आहे. खरे कारण मात्र आतड्यातील पेशींच्या आवरणात दडलेले आहे. या आवरणाला पेशीपटल किंवा प्रद्रव्यपटल म्हणतात.

मेदाचा दुहेरी थर

जिवाणूची असो वा माणसाच्या मेंदूतील, प्रत्येक पेशी या पटलाने वेढलेली असते. त्याची जाडी जेमतेम सात ते आठ नॅनोमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. तरीही त्याच्या रचनेचा अंदाज गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्येच बांधला होता. तांबड्या रक्तपेशींतील मेद त्यांनी पाण्यावर एका रेणूच्या जाडीइतका पातळ पसरला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. अर्थात, हे आवरण दुहेरी असले पाहिजे.

हे थर फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे असतात. रेणूच्या डोक्याला पाण्याची ओढ, तर दोन्ही शेपट्यांना पाण्याचे वावडे. पेशीच्या आत आणि बाहेर पाणीच असल्याने डोकी दोन्हीकडच्या पाण्याला सामोरी राहतात आणि शेपट्या मधोमध दडून बसतात. हे पटल ताठर नसून तेलासारखे प्रवाही असते व त्यात प्रथिनांचे रेणू तरंगत असतात, असे प्रतिरूप सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले. हृदयविकारामुळे बदनाम झालेले कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पेशीपटलात हीच प्रवाहिता योग्य प्रमाणात राखण्याचे काम करते.

दारे आणि पंप

ऑक्सिजन व कार्बन डायॉक्साइड हे वायू मेदाच्या थरातून सहज आरपार जातात. सोडियमसारखे आयन आणि ग्लुकोज यांना मात्र तेथे अडवले जाते. त्यांच्यासाठी प्रथिनांची खास दारे असतात आणि प्रत्येक दारातून ठरावीक पदार्थांनाच प्रवेश मिळतो. म्हणूनच पेशीपटलाला निवडक्षम पारपटल म्हणतात. पाण्यासाठीही असे स्वतंत्र मार्ग असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

काही प्रथिने पंपासारखी राबतात. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेला पंप दर खेपेस सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम नेहमीच कमी असते आणि बाहेरचे सोडियम आत शिरण्यास जणू टपलेले असते.

जोडीनेच प्रवेश

लहान आतड्यातील पेशींच्या पटलावर एक वैशिष्ट्यपूर्ण दार आहे. सोडियम आणि ग्लुकोज तेथून जोडीनेच आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. या जोडीमागोमाग पाणीही शोषले जाते. पटकीच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतील क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात, क्लोराइडपाठोपाठ पाणी बाहेर वाहते आणि रोगी काही तासांत दगावू शकतो. परंतु सोडियम-ग्लुकोजचे दार या विषाच्या तडाख्यातून बचावते. नुसते मिठाचे पाणी पुरेसे शोषले जात नाही. सोबत ग्लुकोज असेल तर शोषले जाते.

याचा कस लागला तो १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाईकच ते रुग्णांना पाजत. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबिस यांचे २०२२ मध्ये निधन झाले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मापाचे महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते; शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट. या मापात सोडियम आणि ग्लुकोजचे कण समसमान भरतात. साखर वाढवली तर फायदा वाढत नाही. उलट दाट द्रावण शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते व जुलाब वाढतात. म्हणून गोड शीतपेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवणे, हाच सुरक्षित मार्ग होय.