नेबरची ओळ

ओएसपीएफ ही मार्गनिवड पद्धत चालवणारे राउटर आपले शेजारी आपणच शोधतात. तरीही जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘नेबर’ आणि पुढे आयपी पत्ता, अशा हाताने लिहिलेल्या ओळी सापडतात. त्या का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

मे १९७९मध्ये अर्पानेटवर नवी मार्गनिवड पद्धत आली. ती बीबीएन कंपनीतल्या मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांची. प्रत्येक नोडने फक्त आपल्या लिंकची खबर सगळ्यांना कळवायची आणि जमलेल्या खबरींवरून ज्याने त्याने पूर्ण नकाशा मांडून वाट काढायची. तिथल्या लाइनी दोनच टोकांच्या होत्या, म्हणून पलीकडे कोण हे ठरलेलंच असे.

इथरनेटवर मात्र सगळे एकाच लाइनीवर असतात. दहा राउटर आले की ४५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी वेगळी सांभाळणं जड जातं. त्यावर अर्पानेटच्याच धर्तीच्या आयएस-आयएस या पद्धतीच्या घडणीत तोडगा निघाला: सगळ्यांच्या वतीने बोलायला एकाला मुख्य नेमायचं. जॉन मॉय यांनी १९८९मध्ये लिहिलेल्या ओएसपीएफने तो घेतला आणि राखीव मुख्यही जोडला. दर १० सेकंदांनी २२४.०.०.५ या सामाईक पत्त्यावर ‘हॅलो’ जातो, सगळे तो ऐकतात आणि निवड होते.

एक्स.२५ आणि फ्रेम रिले या दूरच्या जोडण्यांच्या जाळ्यांवर हे अडलं. एका जोडणीतून अनेकांकडे जाता येई, पण प्रत्येकाचं सर्किट वेगळं. सगळ्यांना एकदम हाक मारायची सोय नव्हती. मग हॅलो एकेकाच्या नावाने पाठवायचा आणि पत्ते माणसाने पुरवायचे. नेबरची ओळ आली ती इथून.

खरी मेख पुढेच होती. पैसे वाचवायला कंपन्या मुख्यालयापासून शाखांपर्यंतच सर्किट घेत, शाखा-शाखांमध्ये नाही. निवडीचा नियम मात्र सगळे सगळ्यांशी बोलतात असं धरून चालतो. सगळ्यांची प्रायॉरिटी, म्हणजे निवडीतला अग्रक्रम, सारखी असेल तर मोठ्या राउटर-आयडीवर, म्हणजे राउटरच्या ओळख-क्रमांकावर, निकाल लागतो. सगळ्यात मोठा आयडी एखाद्या शाखेचा निघाला तर तीच मुख्य व्हायची, आणि बाकीच्या शाखांना तिचा आवाजही पोचत नसे! वरवर सगळं जोडलेलं दिसतं, नकाशा मात्र तुटलेला. म्हणून शाखांवर प्रायॉरिटी शून्य ठेवायची. शून्यवाला निवडणुकीला उभाच राहत नाही.

ओएसपीएफच्या एप्रिल १९९८च्या आरएफसी २३२८ या दस्तऐवजात पॉइंट-टू-मल्टिपॉइंट हा प्रकारही आहे. त्यात प्रत्येक सर्किट स्वतंत्र लाइन मानतात, मुख्य नेमतच नाहीत. अर्धवट जोडलेल्या जाळ्याला माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग. फ्रेम रिले मागे पडलं, पण मुख्यालय आणि शाखा जोडणाऱ्या डीएमव्हीपीएन या खासगी जाळ्याच्या टनेलवर ओएसपीएफला ब्रॉडकास्ट प्रकार दिला, तर शाखांवर ते शून्य आजही लिहावं लागतं.