कठीण माल आणि मृदू माल : 'हार्डवेअर' या संज्ञेचा अर्थेतिहास

महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या बाजारपेठेत 'हार्डवेअर' हा शब्द दोन निरनिराळ्या प्रकारच्या पाट्यांवर आढळतो. एका दुकानात खिळे, बिजागऱ्या, कोयंडे, कुलपे, कानशी, पाने, नळाचे पाइप व रंगाचे डबे मिळतात. दुसऱ्यात संगणकाचे सुटे भाग बदलून किंवा दुरुस्त करून मिळतात. एकाचा गिऱ्हाईक दुसऱ्याकडे चुकूनही जात नाही. तरीही शब्द एकच आहे, आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. 'हार्डवेअर' म्हणजे काय हे प्रत्येक काळात त्याच्या विरुद्ध बाजूस काय ठेवले गेले यावरून ठरत आले, आणि त्याबरोबरच ते घडविणाऱ्या हातांची प्रतिष्ठाही वरखाली होत गेली, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

माल आणि काम

इंग्रजीतील 'वेअर' म्हणजे विक्रीचा माल. 'हार्डवेअर' हा शब्द सोळाव्या शतकापासून धातूच्या किरकोळ वस्तूंसाठी रूढ आहे. या कठीण मालाच्या समोर उभा होता तो मृदू माल, म्हणजे प्रामुख्याने कापड. या दोन व्यापारांतील अंतराचा एक गमतीदार पुरावा अठराव्या शतकात सापडतो. वुल्व्हरहॅम्प्टनचा लोखंड-व्यावसायिक विल्यम वुड याला १७२२ मध्ये आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याची सनद मिळाली. त्याविरुद्ध जोनाथन स्विफ्टने १७२४ मध्ये डब्लिनच्या एका कापडदुकानदाराचे सोंग घेऊन पत्रे प्रसिद्ध केली आणि वुडचा उल्लेख 'हार्डवेअरचा व्यापारी' असा हिणवून केला. कापडवाल्याने हार्डवेअरवाल्याची पायरी दाखवावी, असाच हा प्रकार होता. लोकक्षोभापुढे नमते घेऊन १७२५ मध्ये ती सनद मागे घेण्यात आली.

पायरी खालची असली तरी उत्पादन अफाट वाढत होते. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात खिळ्यांचे उदाहरण दिले आहे. खिळे करण्याची सवय नसलेला साधा लोहार दिवसाला जेमतेम दोनशे-तीनशे खिळे करतो आणि तेही ओबडधोबड. उलट दुसरा कोणताच धंदा न शिकलेली विशीच्या आतील मुले दिवसाला तेवीसशेहून अधिक खिळे करतात, असे त्याने स्वतः पाहिल्याचे नमूद केले आहे. स्मिथला यात श्रमविभागणीचे सामर्थ्य दिसले. मात्र त्या मुलांना खिळ्यावाचून दुसरे काहीच येत नव्हते, हेही त्याच उदाहरणात दडलेले आहे.

महाराष्ट्रातील लोहाराची स्थिती याहून निराळी होती. बलुतेदारीत लोखंड आणि कोळसा बहुधा शेतकऱ्याने आणून द्यावयाचा, लोहाराने फाळ शेवटावयाचा, विळे-कुदळी करून द्यावयाच्या आणि सुगीला आपले बलुते न्यावयाचे. येथे प्रत्येक वस्तू कोणासाठी होत आहे हे ठाऊक असे. अनोळखी गिऱ्हाइकासाठी आगाऊ घडवून ठेवलेला 'माल' हा मुळात वेगळ्या व्यवस्थेचा भाग होय. 'लोखंडी सामान' असा सरळ शब्द हाताशी असूनही मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर वा पुण्याच्या बोहरी आळीत 'हार्डवेअर' हाच शब्द रुजला, याचे कारण बहुधा येथे शोधावे लागेल. नव्या शब्दाने केवळ नवी वस्तू आणली नाही, व्यवहाराची नवी रीत आणली.

कारखान्यातून गणनयंत्राकडे

हत्यारांचे हार्डवेअर आणि संगणकाचे हार्डवेअर यांची पहिली प्रत्यक्ष भेट लंडनमधील एका लेथवर झाली. चार्ल्स बॅबेज यांनी गणिती कोष्टके अचूक छापणाऱ्या 'डिफरन्स एंजिन'ची कल्पना मांडली आणि १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला अर्थसाहाय्य दिले. यंत्र घडविण्याचे काम जोसेफ क्लेमंट या कारागिराकडे गेले. क्लेमंट हा हातमागावर कापड विणणाऱ्याचा मुलगा. मृदू मालाच्या घरातून तो कठीण मालाकडे आला होता. नियोजित यंत्राचे सुमारे पंचवीस हजार भाग होते आणि त्यांपैकी कित्येक एकमेकांशी तंतोतंत जुळणारे हवे होते. असे भाग करण्याची हत्यारेच उपलब्ध नसल्याने ती हत्यारे आधी घडवावी लागली.

वादाचे मूळही तेथेच होते. हत्यारांचा खर्च गिऱ्हाइकाने दिला तरी ती कारागिराच्या मालकीची, असा त्या काळचा इंग्लंडमधील रिवाज होता. बॅबेज यांनी कारखाना आपल्या घराजवळ हलविण्याचा आग्रह धरला, क्लेमंटने त्याची भरपाई मागितली, आणि १८३३ मध्ये काम थांबले. हत्यारे क्लेमंटकडेच राहिली. एकूण यंत्राच्या सुमारे एक-सप्तमांश एवढा भाग १८३२ मध्ये जोडून झाला होता, तेवढाच शिल्लक राहिला. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाल्यावर १८४२ मध्ये सरकारने या प्रकल्पातून अंग काढून घेतले.

पुढे दीर्घकाळ असे म्हटले जाई की, बॅबेज यांची बुद्धी काळाच्या पुढे होती आणि त्या काळच्या कारागिरांची हत्यारे मागासलेली होती. या म्हणण्यात कल्पना आणि घडण यांची जी उतरंड गृहीत धरली आहे, ती तपासून पाहण्याची संधी १९९१ मध्ये आली. लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेज यांच्या १८४७-४९ मधील आराखड्यांवरून 'डिफरन्स एंजिन क्रमांक २'चा गणन-विभाग उभा केला. भाग आधुनिक यंत्रांवर केले असले तरी त्यांच्या मापांतील अचूकता एकोणिसाव्या शतकात साध्य होती तेवढीच ठेवली होती. सुमारे चार हजार भागांचे ते यंत्र चालले आणि एकतीस अंकांपर्यंत उत्तरे देऊ लागले. प्रकल्प फसण्याची कारणे पैसा, राजकारण आणि स्वभाव यांत शोधावी लागतात. लोखंड-पितळेच्या कामावर तो दोष ढकलणे न्याय्य नव्हते.

क्लेमंटच्या कारखान्याचे फळ मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाले. तेथे काही काळ काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी समान प्रमाण सुचविले आणि आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरविला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत; एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. भारतात नळजोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पाइपांच्या आट्यांचा कोन आजही तोच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुका-तोफांनाही हा शब्द लागू झाला आणि विसाव्या शतकात रणगाड्यांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत साऱ्यांना त्याने कवेत घेतले. संहारक शस्त्राला दुकानातील मालाचे सौम्य नाव मिळाले, याहून या अर्थाविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

नव्या विरुद्धार्थी शब्दाचा जन्म

फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमधील 'एनिॲक' हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर झाले. त्याचे वजन सुमारे तीस टन होते आणि त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. नवे गणित सोडवायचे तर केबली उपसून पुन्हा खोचाव्या लागत आणि कळा फिरवाव्या लागत. या मांडणीला कित्येकदा दिवसच्या दिवस जात. हे काम सहा तरुण स्त्रिया करीत : के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांच्या पूर्वीच्या नोकरीचे नावच 'कॉम्प्युटर' होते, कारण तो शब्द तेव्हा हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जाई. यंत्राच्या खोलीत प्रारंभी प्रवेश नसल्याने त्या आराखडे वाचून यंत्र शिकल्या. तरीही गौरव झाला तो नळ्या आणि तारा जोडणाऱ्या अभियंत्यांचा. या स्त्रियांचे काम कारकुनी समजले गेले आणि त्यांची नावे पुढे कित्येक दशके मागे पडली.

येथे तार जोडणे आणि सूचना देणे ही एकच कृती होती. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालात सूचना यंत्राच्या स्मृतीतच साठविण्याची कल्पना विशद झाली, तेव्हा ही दोन कामे अलग होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५८ मध्ये जॉन टुकी या संख्याशास्त्रज्ञाने एका लेखात नळ्या, ट्रान्झिस्टर, तारा आणि फिती यांच्या जोडीला तितक्याच महत्त्वाची बाब म्हणून 'सॉफ्टवेअर'चा उल्लेख केला. संगणकाच्या संदर्भातील हा त्या शब्दाच्या अगदी आरंभीच्या छापील उपयोगांपैकी एक मानला जातो. कापड मागे पडले आणि हार्डवेअरला नवा प्रतिपक्ष मिळाला. तरी सॉफ्टवेअर हा 'माल' होण्यास आणखी दशकभर लागले. जून १९६९ मध्ये आयबीएमने यंत्राबरोबर विनामूल्य येणाऱ्या आज्ञावली व सेवा यांची वेगळी किंमत आकारण्याचे जाहीर केले, आणि 'वेअर' हे पद तेव्हा खऱ्या अर्थाने सार्थ झाले. दरम्यान १९६७ मध्ये ॲशर ऑपलर यांनी 'फर्मवेअर' हा मधला शब्द काढून ठेवला होता. धड कठीण नाही, धड मृदू नाही असेही काही असते, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

भारतात हे विभाजन होण्यापूर्वीचा एक टप्पा मुंबईत घडला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडमध्ये तयार झालेला संगणक आणला असताना, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तो स्वतः बांधावयाचे ठरविले. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये व पूर्ण यंत्र १९६० मध्ये सिद्ध झाले, आणि १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. या गटाचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन हे गणितात पीएच.डी. मिळविलेले होते. गणितज्ञाने यंत्रबांधणीत उतरण्यात तेव्हा कोणाला काही कमीपणा वाटला नाही.

सॉफ्टवेअर-निर्यातीच्या काळात हे चित्र पालटले. एनिॲकच्या वेळी दुय्यम मानलेले सूचनालेखन प्रतिष्ठेचे झाले, आणि 'हार्डवेअर'चा अभ्यासक्रम म्हणजे पदवीला प्रवेश न मिळालेल्याने शिकावयाची दुरुस्ती, असा समज पसरला. मराठीत 'यंत्रांश' असा नेटका प्रतिशब्द सुचविला गेला, पण तो पाट्यांवर चढला नाही. बाजारपेठेतील त्या दोन दुकानांपैकी दुसऱ्यात बसलेल्या मुलाच्या हातात मात्र स्क्रूड्रायव्हरच असतो. संगणकाच्या पेटीला लागणारे बहुतेक स्क्रू दोनच प्रकारचे असतात : एक इंचाला बत्तीस आट्यांचा अमेरिकी मापाचा, दुसरा तीन मिलिमीटरचा मेट्रिक मापाचा. दोन्हींच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, व्हिटवर्थच्या मापाहून वेगळा. म्हणून पहिल्या दुकानातील नळाच्या सामानाच्या आट्यांशी त्यांचा मेळ बसत नाही.