दार आणि कपाट: संगणकातील दोन कुलपांचा इतिहास

समजा, कल्याण-कसारा मार्गावरील खडवलीत एका शिक्षिकेच्या घरी दोन संगणक आहेत आणि दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत. बाहेरच्या खोलीतील संगणकावरचे ‘निकाल’ हे फोल्डर आतल्या संगणकावर दिसते, त्यातील गुणपत्रक उघडतेही. पण दुरुस्ती करून ते साठवू गेल्यास उत्तर येते, ‘परवानगी नाही’. घर आपले, संगणकही आपलेच. मग परवानगी कोणाची हवी? याचे उत्तर इतिहासात आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक सुरू झाला. त्याला आज्ञावली द्यायची ती छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून. पट्टी ज्याच्या खिशात, माहिती त्याची! एकच यंत्र अनेकजण एकाच वेळी वापरू लागले, तेव्हा मात्र प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये अशी पद्धत करून दाखवली. सर्वांच्या फाइली एकाच यंत्रात आल्या आणि त्या वेगळ्या राखण्यासाठी पासवर्ड आला. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीत पुढे प्रत्येक फाइलला मालक मिळाला. वाचणे, लिहिणे व चालवणे या परवानग्या मालक, गट आणि इतर यांना वेगवेगळ्या देता येऊ लागल्या.

घरगुती संगणकाची वाट निराळी होती. १९८१ चा आयबीएम पीसी एका माणसासाठी होता. त्याच्या डॉस प्रणालीत फाइलला मालकच नव्हता. १९८३ च्या सुमारास आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी अशा संगणकांना एकमेकांच्या फाइली वापरता याव्यात म्हणून नियमावली रचली. तीच पुढे एसएमबी म्हणून ओळखली गेली. आतल्या फाइलींना कुलूप नव्हते, म्हणून ते सामायिक फोल्डरच्या दाराला बसवावे लागले. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली. तिच्या एनटीएफएस रचनेत प्रत्येक फाइलला स्वतःची परवानगी-यादी मिळाली. म्हणजे कपाटालाही कुलूप आले, पण दाराचे कुलूप तसेच राहिले.

नियम असा की, नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही कुलपे लागू होतात आणि त्यांतले जे अधिक कडक, तेच चालते. विंडोजमध्ये प्रगत पर्याय वापरून फोल्डर सामायिक केले, तर दारावर आपोआप फक्त वाचण्याची मुभा मिळते. म्हणूनच गुणपत्रक उघडते, पण साठवता येत नाही.

दोष कोठे आहे, हे एका साध्या प्रयोगाने कळते. ज्या संगणकावर फाइल आहे, त्याच्याच समोर बसून त्याच नावाने ती बदलून पाहावी. तेथे जमले, पण दुरून जमले नाही, तर दार तपासावे. तेथेही अडले, तर कपाट.

दारापर्यंतच पोचता येत नसेल, तर ओळखीचा प्रश्न असतो. दोन संगणकांवर ‘सुमन’ हे एकच नाव असले, तरी यंत्रांच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती आहेत. दुसऱ्या यंत्रावरच्या सुमनचा पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज सहसा दुरून आत घेत नाही आणि चार आकड्यांचा पिन त्याच यंत्रापुरता असतो.

कंटाळून ‘सर्वांना सर्व परवानग्या’ देण्याचा मोह होतो. पण मग राउटरला जोडलेला पाहुण्यांचा फोनही गुण बदलू शकेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला. तो दोष परवानग्यांचा नव्हता. पण फाइलींचे दार किती जपावे लागते, हे त्याने दाखवले. त्या वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती आपोआप बसवली जात नाही. त्यामुळे फार जुना संगणक नव्याशी बोलत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न क्रमाने विचारायला लावावेत: मी कोण? दारावर मला काय करता येते? कपाटात काय करता येते? उत्तर मिळेल तेवढीच, एका व्यक्तीला एकच परवानगी वाढवावी.