वयात आलेली मुले आणि कारखान्याचे गाव

वाळूजच्या माळावर १९८४ साली बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला बसली, दुसऱ्याच वर्षी तेथे उत्पादन सुरू झाले, आणि या औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने वडगाव कोल्हाटीच्या शिवारात बजाजनगर ही कामगारवस्ती वाढली. तिच्या भरभराटीचा वृत्तान्त उद्योगखात्याच्या दफ्तरात मिळेल. परंतु मुलगा किंवा मुलगी वयात येताच तेथील आईबापांच्या मनात जी चिंता घर करते, तिलाही स्वतःचा इतिहास आहे.

ही चिंता सनातन आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती अर्वाचीन आहे. मुलीचे लग्न जेव्हा न्हाण येण्यापूर्वीच उरकले जाई, तेव्हा तिने कोणाशी स्नेह जोडावा हा प्रश्न उद्भवण्यास अवकाशच नव्हता. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंवर १८८४ साली त्यांच्या पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात फिर्याद गुदरली, आणि स्त्रीच्या संमतीचा प्रश्न प्रथमच सगळ्या इलाख्यात गाजला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तेव्हा टिळकांसारख्या नेत्याने त्यास कडाडून विरोध केला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, आणि १९७८ साली ते अठरा झाले. अशा रीतीने बाल्य आणि विवाह यांच्यामध्ये तारुण्याची काही वर्षे सुधारकांनी आणि विधिमंडळांनी मोठ्या झगड्याने मिळवून दिली. पण त्या वर्षांत मुलामुलींनी परस्परांशी कसे वागावे, याची रीत मात्र कोणी घालून दिली नाही.

ती उणीव गावात फारशी जाणवली नाही, कारण तेथे राखण सामुदायिक होती. भावकी, आळी, पाणवठा, देऊळ या सर्वांचे डोळे प्रत्येक घरच्या लेकरावर असत. त्या नजरेत जाच होता, जातीचा कडक बंदोबस्त होता, हे खरेच, परंतु एकट्या आईबापांवर भार पडत नसे. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, खानदेश अशा निरनिराळ्या मुलखांतून पोटासाठी आलेली कुटुंबे बजाजनगरात शेजारी झाली, तेव्हा भावकी मागे राहिली आणि धाक तेवढा बरोबर आला. बाप दुसऱ्या पाळीला गेला की मध्यरात्री परततो, आईही एखाद्या लहान कंपनीत कामाला जाते, मुले शाळेतून परस्पर क्लासला जातात, आणि हातात मोबाइल असतो. पूर्वी सगळा गाव जे करी, ते दोन थकलेल्या माणसांना करावयाचे असते. ‘काही भानगड तर नाही ना?’ हा त्यांचा प्रश्न संशयापेक्षा एकाकीपणातूनच अधिक निघतो, असे मला वाटते.

मात्र या भीतीचे परिणाम भयंकर आहेत. मुलगी पळून जाईल, नाव खराब होईल, या धास्तीने तिची शाळा सुटते आणि घाईने सोयरीक जुळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. दुसऱ्या बाजूस, २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नसल्याने, परस्परांच्या ओढीने जवळ आलेल्या कोवळ्या जोडीतील मुलावर, मुलीच्याच आईबापांच्या फिर्यादीवरून, गुन्हा नोंदला जातो. ही गोष्ट मुलांना घरातच, वेळीच आणि न रागावता सांगितली पाहिजे.

ज्या पिढीने अनोळखी माळावर संसार उभा केला, तिच्या सावधपणास तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. परंतु पहारा ही गावाची रीत होती, आणि तो पहारा देण्यास लागणारे गाव आता पाठीशी नाही. म्हणून बापाने सुट्टीच्या दिवशी मुलीजवळ बसून तिच्या मित्राचे नाव निर्भयपणे ऐकून घ्यावे, मुलालाही मुलीच्या नकाराचा मान राखण्यास शिकवावे, आणि लग्नाची घाई न करता दोघांचे शिक्षण पुरे करू द्यावे. तारुण्याची जी वर्षे एवढ्या कष्टाने मुलांच्या पदरात पडली, ती भीतीपोटी परत हिरावून घेण्याचा अधिकार आईबापांनाही नाही.