व्हील अलाइनमेंट: टो, कॅम्बर आणि कॅस्टर म्हणजे काय?

पावसाळ्यात शाहूवाडीहून आंबा घाटाकडे जाताना चाक खड्ड्यात जोरात आदळलं, की नंतर सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढू शकते. अशा वेळी व्हील अलाइनमेंट तपासून घ्या. त्यात पुढच्या चाकांचे तीन कोन बघतात:

• टो: वरून पाहिल्यावर चाकांची पुढची बाजू आत वळली आहे की बाहेर.
• कॅम्बर: समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर.
• कॅस्टर: बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगचा अक्ष किती कलला आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, त्यात याचा मोठा वाटा असतो.

बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त टो बदलता येतो. आधी टायरची हवा आणि बॉल जॉइंटचा प्ले तपासतात. मग स्टिअरिंग सरळ ठेवून टाय रॉडचा लॉक नट सैल करतात, रॉड फिरवून टो कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणतात आणि नट पुन्हा घट्ट करतात.

कॅम्बर चुकला असेल, तर टो बदलून तो सुधारत नाही. स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकलेला असू शकतो. तसंच सोडलं तर टायरची एकच कड झिजते. आतली कड पटकन दिसतही नाही आणि घाटातल्या ओल्या वळणावर पकड कमी पडते. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगची प्रिंट मागा आणि त्यात कॅम्बरचा आकडा नक्की बघा.