लिऑन फ्लायशर : उजवा हात थांबल्यावर पियानोवादकाने काय केले?

लिऑन फ्लायशर (२३ जुलै १९२८ – २ ऑगस्ट २०२०) हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील नामवंत अमेरिकन पियानोवादक, वाद्यवृंद संचालक आणि शिक्षक होते. ऐन भरात असताना, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताची बोटे साथ देईनाशी झाली. त्यानंतर जवळपास तीस वर्षे त्यांना दोन्ही हातांनी नियमित मैफली करता आल्या नाहीत. तरीही ते संगीतातच राहिले.

बालपण आणि तालीम

फ्लायशर यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील टोप्या बनवण्याचा व्यवसाय करत. चौथ्या वर्षी त्यांचे पियानोशिक्षण सुरू झाले. नऊ वर्षांचे असताना थोर पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. श्नाबेल एरवी इतक्या लहान मुलांना शिकवत नसत. ही तालीम सुमारे दहा वर्षे चालली.

१९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत ब्राम्सचा पहिला पियानो कंचेर्तो वाजवला. १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी बेथोव्हन आणि ब्राम्स यांचे पियानो कंचेर्तो ध्वनिमुद्रित केले. ही ध्वनिमुद्रणे आजही जाणकार आवडीने ऐकतात.

बोटांना काय झाले?

१९६४ मध्ये उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळहाताकडे वळू लागली. १९६५ चा क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासोबतचा सोव्हिएत संघाचा दौरा त्यांना सोडावा लागला. अनेक डॉक्टर झाले, नाना उपचार झाले, पण बरीच वर्षे नेमके निदानच होत नव्हते. या काळात ते खोल नैराश्यात गेले.

हा विकार होता फोकल डिस्टोनिया. यात बिघाड हाताच्या हाडांत किंवा स्नायूंत नसतो, तर मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमध्ये असतो. बोट सरळ करणारे आणि बोट आत वळवणारे स्नायू आळीपाळीने काम करण्याऐवजी एकाच वेळी आखडतात. वेदना बहुधा होत नाहीत, पण बोटांवरचा ताबा सुटतो. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षे हजारो वेळा करणाऱ्या वादकांमध्ये हा विकार विशेष आढळतो. लिहिताना हात आखडण्याचा विकारही याच जातीचा आहे. अतिरेकी रियाजामुळेच आपल्यावर ही वेळ आली, असे फ्लायशर यांचे मत होते.

डाव्या हाताचे संगीत

पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले ऑस्ट्रियन पियानोवादक पॉल विट्गेन्श्टाइन यांनी अनेक संगीतकारांकडून केवळ डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या होत्या. त्यांतील राव्हेल, प्रोकोफिएव्ह आणि ब्रिटन यांच्या रचना फ्लायशर यांनी वाजवल्या. हिंडेमिथ यांनी १९२३ मध्ये लिहिलेली रचना मात्र विट्गेन्श्टाइन यांनी कधी वाजवलीच नाही. तिची प्रत अनेक दशके त्यांच्या कागदपत्रांत पडून होती. ती सापडल्यावर २००४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसोबत तिचे पहिले वादन फ्लायशर यांनी केले.

याच वर्षांत ते वाद्यवृंद संचालनाकडे वळले. बाल्टिमोरच्या पिबॉडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवत होतेच. पूर्वी ते विद्यार्थ्याला वाजवून दाखवत. आता तेच शब्दांत सांगावे लागे, आणि त्यामुळे आपले शिकवणे सुधारले, असे ते म्हणत. येफिम ब्रॉन्फमन आणि जोनाथन बिस यांच्यासारखे वादक त्यांच्याकडे शिकले.

दोन हात पुन्हा एकत्र

१९८२ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांनी दोन्ही हातांनी वाजवले. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण हात पूर्ववत झालेला नाही हे त्यांना कळले होते. ते पुन्हा डाव्या हाताच्या रचनांकडे वळले.

खरा फरक पडला तो १९९० च्या दशकात, खोल मालिशीचे उपचार आणि बोटॉक्सची इंजेक्शने यांमुळे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी ओळखले जाणारे हे औषध आखडलेल्या स्नायूंना काही महिने सैल ठेवते. परिणाम ओसरला की इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. म्हणजे विकार बरा झाला नव्हता, फक्त आटोक्यात आला होता, आणि फ्लायशर स्वतःही हे स्पष्ट सांगत. २००४ मध्ये त्यांचा ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. त्यात बाखच्या छोट्या रचनांसोबत शूबर्टचा अखेरचा, दीर्घ सोनाटाही आहे. २००७ मध्ये त्यांना केनेडी सेंटर सन्मान मिळाला.

वयाच्या ९२ व्या वर्षी बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले. करोनाच्या त्या काळात, अखेरच्या आठवड्यांतही ते विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवत होते.